पदनाम

सेवापुस्तक उघडून बसलोय.
लवू भिकाजी तारी, राहणार मेढा, मालवण.
वय साठ पूर्ण, एकतीस मे, कार्यालयीन वेळेनंतर.
पदनाम: कक्षसेवक.
हा शब्द सव्वीस वर्षांत
मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.
सगळे म्हणतात वॉर्डबॉय, घाईत नुसतंच बॉय,
आणि परवा रुजू झालेली डॉक्टरीण
"बॉय, स्ट्रेचर!" म्हणते तेव्हा
आधी त्याची पांढरी मिशी वळते,
मग तो.

चौदाव्या वर्षी तो रापणीवर होता.
तेव्हा बॉय नव्हता, पोर होता.
दोर ओढायचा पुरा, वाटा अर्धा,
चार बांगडे, कधी तेही नाहीत.
पण त्या हिशेबाला शेवट होता:
दाढी आली, वाटा पुरा झाला.

धक्क्याजवळच्या खानावळीत पाटी आहे,
बॉय पाहिजे.
खाली खडूने, अलीकडेच: वय अठरा पूर्ण असावे.
म्हणजे नियमाने बॉय व्हायचं
तर आधी मोठं व्हायला हवं.
आणि चिवल्याच्या वाळूत संध्याकाळी
"कम ऑन बॉईज" ओरडणारा कप्तान
गुडघ्याला पट्टा बांधून येतो,
त्याची मुलगी बारावीला आहे.

आज सकाळी प्रसूतिगृहात एक झाला.
सिस्टरने मनगटाला पट्टी बांधली,
आईचं नाव, बॉय, अडीच किलो.
बाहेर जाऊन सांगितलं लवूनेच, "झील झालो!"
मग माझ्या टेबलावर पेढा ठेवत म्हणाला,
"भाऊसाहेब, आज दोन बॉय.
एक इलो, एक चल्लो."
मी हसलो, आणि "सेवानिवृत्त"मधला र्‍हस्व दीर्घ
उगाच तपासत राहिलो.

त्याची आई अजून आहे. अंथरुणातून विचारते,
"झिला, जेवलस?"
त्या हाकेला मात्र तो लगेच लहान होतो,
कोणी पगार देत नाही तरी.

साडेपाचला त्याने किल्ल्या दिल्या,
खाकी शर्ट घडी करून पिशवीत घातला,
नारळ आणि शाल दुसऱ्या हातात.
फाटकापर्यंत गेला असेल नसेल,
दोन नंबरच्या वॉर्डातून हाक आली,
"बॉय!"

कोणीच हललं नाही.
परत आली.
मी पेनाचं टोपण लावलं. चौपन्न वर्षांचा मी,
वरिष्ठ लिपिक.

त्या स्ट्रेचरचं पुढचं चाक
उजवीकडे ओढतं.
हे मला इतकी वर्षं
कोणी सांगितलं नव्हतं.