दुधाच्या पिशवीचा कोपरा

कात्री लावताना हल्ली हात थोडा अलीकडेच थांबतो.
कोपरा पुरता सुटू द्यायचा नाही,
धाग्यावर आलेल्या बटणासारखा
लोंबता ठेवायचा.

त्याआधी मी बऱ्यापैकी हिरवी झाले होते.
बांबूचे ब्रश मागवले, चारांचा संच :
खोक्यात खोकं, त्यात फुग्याफुग्यांचं प्लास्टिक,
निषादनं ते संध्याकाळभर फटफट फोडलं.
ब्रशांना श्रावणात बुरशी आली.
स्टीलची नळी घेतली,
तिच्यासोबत नळी घासायला नायलॉनची काडी,
आणि आमच्याकडे नळीनं काही पितं कोण?
कापडी पिशव्या चौदा.
एकीवर ‘वसुंधरा वाचवा’,
तीही आली होती प्लास्टिकचा पारदर्शक अंगरखा घालून.
दारामागच्या खिळ्याला त्या एकमेकींत कोंबून टांगल्यात,
आणि भाजीवाल्यासमोर मी रिकाम्या हातानं.

मग सोसायटीनं पाळ्या लावल्या,
ओला-सुका नीट होतोय का बघायच्या.
माझी शुक्रवारी.
कन्नमवार नगर, इमारतीमागची पत्र्याची शेड,
द्वारकाबाई गोणपाटावर बसलेली,
पुढ्यात आमची अख्खी इमारत ओतलेली.
कुणाकडे पाहुणे येऊन गेले,
कुणाला साखरेची गोळी चालू झाली,
सगळं तिला ठाऊक, बोलत मात्र नाही.
दुधाच्या पिशव्या इकडं, तेलाच्या तिकडं,
वेफर्सची चकचकीत पाकिटं मागं, भिंतीशी.
मी वहीत बरोबरच्या खुणा करत होते.
तिनं तर्जनी माझ्यापुढं धरली.
टिकली काढून बोटावर ठेवावी तसा
एक निळा-पांढरा त्रिकोण.

“पिशवीला भाव हाय, बाई. ह्याला वजनच न्हाई.
वजन न्हाई म्हणून भाव न्हाई.
आन् भाव न्हाई त्याच्यासाठी
वाकायचं कुणी?”

बोट झटकलं. तो उडाला.
कुठं पडला, दोघींनाही दिसलं नाही.

रात्री हिशेब केला.
रोजच्या दोन पिशव्या, संसाराची एकोणीस वर्षं,
चौदा हजाराला थोडे कमी.
एकही मेला नसणार.
खाडी इथून चालत पंधरा मिनिटं.
ओहोटीला तिवरांची मुळं
चिखलातून बोटं वर काढून श्वास घेतात.
त्या बोटांना
कुणाकुणाचा सकाळचा चहा अडकला असेल.

पहाटेचा चहा आमच्याकडे मामंजी करतात.
चाळीस वर्षांची सवय, कच्चकन कोपरा, तो थेट मोरीत.
मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं :
“नखाएवढ्या तुकड्यानं मुंबई बुडणार आहे होय?”
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.
मोरीच्या जाळीतून रोज ते वेचत राहिले,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकत राहिले.
बरणी चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवली,
बोलले काही नाही.
दीड महिन्यानं एकदा पाहिलं,
मामंजी बरणी कानाशी धरून हलवत होते.
तिचा आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दुधाचा ओघळ.
पिशवीला वाकडीतिकडी चीर,
कोपरा कसाबसा धरून राहिलेला,
आणि मामंजी जुन्या बनियनच्या फडक्यानं
घाईघाईनं ओटा पुसताना.
“धार नीट पडत नाही ह्यानं,” एवढंच म्हणाले.
पडत नाहीच.

आता आमच्या फरशांवर धुतलेल्या पिशव्या
चिकटून वाळतात, आपल्याआपण गळून पडतात.
बांबूच्या ब्रशानं मी कंगव्याचा मळ काढते.
नळी कुठं गेली कुणास ठाऊक.

शुक्रवारी माझ्या देखत
द्वारकाबाईनं आमची पिशवी उचलली,
ढिगावर फेकली, पुढची घेतली.
तिनं पाहिलंसुद्धा नाही.
वाकली नाही.