अक्का, कप्पा, गोगलगाय

सांवेर रोडच्या कारखान्यात दुपारचे अडीच.
लौंगसेवेची कढई नुकतीच उतरलेली
आणि पाकिटं मिटणारा जबडा सकाळपासून उघडाच.
गेंदालाल दारातून विचारतो, "मॅडम, लगा क्या?"
लागला. बोलोन्याला अजून सकाळ आहे.
सुट्या भागांच्या खात्यात दोनातेल्ला नावाची बाई,
तिचं इंग्रजी माझ्या इटालियनइतकंच.

"ईमेल?" ती म्हणते.
चला, एक शब्द तरी दोघींचा.

टेबलाच्या काचेखाली कागद आहे, माझ्याच अक्षरात.
तिकडे अक्षरं गावांच्या नावांनी सांगतात.
मी घसा साफ करते.
वेनेत्सियाचा व्ही, इमोलाचा आय,
सावोनाचा एस, मग एच.
एचला गाव नाही.
एच म्हणजे नुसती अक्का.

अक्का, मी म्हटलं,
जरा मोठ्यानेच, लाइन खराब होती म्हणून,
आणि वाटलं, आता आतून कुणी ओ देईल.

अंकोनाचा ए. के म्हणजे कप्पा.
पुन्हा अक्का, पुन्हा अंकोना. पुंतो.
मग आडनाव, तेही कप्पा-अक्कापासूनच.
विशाखा खासगीवाले एवढ्या नावात
तीन अक्का निघाल्या.
रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत एकच होती.

टेलिफोन एक्स्चेंजला होती ती, ट्रंक कॉलवर.
"खंडव्याचा ख, सागरचा स, गुन्याचा ग,"
खरखरीतून लोकांची नावं ओढून काढायची,
गाळात पडलेली बादली गळाने काढावी तशी.
घरी आली की पोळ्या लाटायची, चकार शब्द नाही.
माझ्या फीच्या प्रत्येक पावतीवर सही तिची.
सांगताना मात्र सगळे म्हणत,
विशाखाला दादांनी शिकवलं.
मीही तेच सांगत आले.

इटालियनमध्ये अक्का लिहायची असते, उच्चारायची नसते.
"हो" लिहायचं आणि "ओ" म्हणायचं.
अक्का असली तर अर्थ, माझ्याजवळ आहे.
काढून टाकली तर उरतं नुसतं, किंवा.

"कियोच्चोला?" दोनातेल्ला विचारते.
हो हो, कियोच्चोला. ॲटला ते गोगलगाय म्हणतात.
गोगलगाय न् पोटात पाय,
पण हिच्या पोटात ए आहे,
शेपूट स्वतःभोवती गुंडाळून बसलेला.
मला हसू येतं. तिला कसं सांगू? आणि कशाला?

ती सगळं परत वाचते, भरभर,
न थांबणाऱ्या गाडीतून स्टेशनं जावीत तशी गावं.
"नो," मी म्हणते, "एक अक्का राहिली.
दुसऱ्या कप्प्यातली."
ती माफी मागते, हसते. "ए मूता," म्हणते.
मुकी असते ना, राहून जाते.

चारला मेल आला. पत्ता अगदी बरोबर,
आत मात्र पहिल्याच ओळीत, जेंतिले विसाका.
जबडा शुक्रवारी निघेल.

"तब तक?" गेंदालाल विचारतो.
तब तक हाथ से, भिया.
तो मेणबत्ती लावतो. पाकिटाची कड दुमडायची,
ज्योतीवरून फिरवायची, बोट भाजायच्या आत काढायची.
दहा-बारा पाकिटं झाल्यावर म्हणतो,
"मॅडम, ये अक्का कौन है?
फोन पे इतनी बार नाम लिया."

बड़ी बहन, मी म्हणते.
कड नीट चिकटली का, पुन्हा बघते.
मेरी फीस वही भरती थी.