उणे बारा वॅट

शिकवायचा अधिकार मला नाही. नेमणूकपत्रात लिहिलंय:
मीटर देणे, मीटर परत घेणे, फ्यूज मोजून ठेवणे.
तरी संध्याकाळच्या बॅचचे सर चहाला गेले
की शिवाजीनगरच्या या तळमजल्यावर,
खिडकीतून हॉर्न आत येत असताना,
पोरं मलाच विचारतात.

'बाई, पाच आलं.'
पाच काय? व्होल्ट, ओहम, की पाच डझन केळी?
एकक न लिहिलेलं उत्तर म्हणजे पेठ न लिहिलेला पत्ता;
पोस्टमन या मारुतीपासून त्या मारुतीपर्यंत
फिरत राहतो बिचारा.
आणि मिली गाळलास तर हजारपट होतं रे.
तो डबा बघ. या टर्मचे सत्तेचाळीस फ्यूज.

'या टोकाला किती व्होल्ट आहे?'
असं नसतं विचारायचं. कुठल्या टोकापासून?
पर्वती सारसबागेतून मोजलीस तर दम लागेल इतकी उंच,
सिंहगडावरून मोजलीस तर उणे.
टेकडी हलली का? नाही.
शून्य कुठे ठेवलंस तेवढं सांग.
ही काळी वायर, हिला आपण जमीन म्हणतो.
हिच्याखाली माती नाही.
इथून मोजायचं असं ठरलंय, बस.

आता बाण काढ. कुठल्याही बाजूला काढ, घाबरू नकोस.
इलेक्ट्रॉन बाणाच्या उलट चालतात, हे खरं आहे.
फार पूर्वी कुणीतरी अंदाज बांधला, तो चुकला,
आणि कळेपर्यंत सगळ्यांच्या वह्या भरून झाल्या होत्या.
एकट्याने केली तर चूक.
सगळ्यांनी मिळून केली की संकेत.

(जोडाच्या बिंदूवर काही साठत नाही, हेही सांगते.
संगम पुलावर उभं राहून बघा:
मुळा येते, मुठा येते,
पुढे जाते ती दोघींची बेरीज.
जलपर्णीचं काय, असं एकाने विचारलं.
त्याला मी मीटर पुसायला बसवलं.)

मेहजबीन आतार काहीच विचारायची नाही.
येरवड्याहून येते, दिवसभर तपकीर गल्लीत
मोबाइल उघडते, बोटांना सोल्डरचा वास.
परवा तिची वही हातात आली
तर उत्तराच्या जागी भोक.
बारा वॅट, आणि बाराच्या अलीकडे
कागदच नाही.
'चिन्ह चुकत होतं बाई. पाच वेळा केलं.
पाचही वेळा उणे.'

मी खुर्ची ओढली.
अधिकच्या टोकातून प्रवाह आत शिरला, तर तो घटक खातो.
त्याच टोकातून बाहेर पडला, तर देतो.
खाणाऱ्याला अधिक, देणाऱ्याला उणे.
हा रोध पाच वॅट खातोय, तो सात.
बॅटरी उणे बारा. बेरीज कर.
'शून्य.'
मग खोडलंस कशाला?

ती आकृतीकडे बघत राहिली.
'म्हणजे ज्याच्यापुढे उणे आहे, त्याच्यावरच चाललंय सगळं?'
या सर्किटात, हो.
'आमच्याकडे हिशेब भाऊ लिहितो.
माझ्या नावापुढे फी, पीएमटीचा पास. कायम उणे.'
आणि पगार?
'तो अब्बूंच्या नावापुढे.'
असं म्हणून ती जरा हसली,
माझ्या टेबलावरची चिकटपट्टी मागून घेतली,
भोकाच्या मागून लावली,
आणि पट्टीवर पेन उमटेना
म्हणून दाबून दाबून, तीनदा गिरवून
काढली ती आडवी रेघ.

सर आले. तोंडाला चहाचा वास,
'काय गप्पा चालल्यात?'
मी मीटर गोळा करायला लागले.

अठ्ठेचाळिसावा फ्यूज
जाता जाता तिनेच उडवला.