अर्थिंग

आधी वाटलं, डाव्या स्पीकरचंच काहीतरी.
वायरी उलट्या जोडून पाहिल्या,
डावीची उजवीला, उजवीची डावीला.
घरघर दोन्हीकडे सारखीच राहिली,
भावाभावांत वाटणी केल्यासारखी.

मग एकेक काढत गेलो.
टेपची पिन काढली. घरघर.
टीव्हीची केबल काढली. घरघर.
फ्रिज बंद केला, तर भाग्या आतून म्हणाली,
दूध नासलं तर तुमच्या त्या डब्ब्याला पाजा.
व्हॉल्यूम पार शून्यावर आणला.
तरी घरघर.
पाठच्या पत्र्याला हात लागला
तर बोटांतून बारीक मुंग्या निघाल्या.

अ‍ॅम्प्लिफायर मंगळवार बाजारातला,
सत्याण्णव सालचा, सातशेला घेतलेला.
झाकणाच्या आत कुणीतरी खडूनं लिहिलंय: ओके.
कुणी, कधी, काय तपासून,
काही पत्ता नाही.
पण एवढी वर्षं मी त्या अक्षरावर विसंबून होतो.

गौस मिस्त्री आला तो दुपारी दोनला,
डोक्यावर ओला पंचा, त्रेचाळीस डिग्रीत.
कपॅसिटरची टोपणं पाहिली, फुगलेलं एकही नाही.
सोल्डर खरवडलं, मीटर लावला,
मग हत्यारं खाली ठेवून नुसता बसून राहिला,
कान भिंतीकडे.
"पलीकडं माग हायत का?"
यादगिरींचे. बारा.
"माग बंद असताना ऐकलाव का कधी?"
नाही ऐकलं. सुट्टी असली की मी झोपतो.
तो उठला, चपला घालून मागच्या बोळात गेला,
मोरीच्या कडेला वाकला
आणि तिथूनच ओरडला,
"साहेब, तुमच्या घराला अर्थच नाय!"

मीठ नाही, काडेपेटी नाही, अशा सुरात.

वडिलांनी पुरलेला पाइप होता तिथे.
कोळसा, खडेमीठ, वर माती,
त्यांनी स्वतः घमेल्यानं टाकलेली.
मातीला आता भेगा, बोट जाईल एवढ्या.
तार होती जागेवर. धरायला खाली काही ओलं नव्हतं.
"पाणी घाला," गौस म्हणाला. "दुसरं औषध नाय."

नळ पाचव्या दिवशी येतो.
आज चौथा.
पिंपात तळाशी हातभर, बाहेर दोन कळशा.
मी एक उचलली तशी भाग्या दारात.
"माणसं टँकरमागं पळायलीत
आन् तुम्ही जमिनीला पाजायलाव?"
मी म्हटलं, थोडंच.
तिनं थोड्याचा अर्थ विचारला नाही.
कळशीकडे बघत राहिली.

मूठभर खडेमीठ टाकलं, पाणी ओतलं.
पाइपनं ते घटाघट गिळलं, ढेकर दिल्यासारखा आवाज करून.
आतून गौसची हाक: "चालू द्या!"
अर्धी कळशी.
"अजून!"
पाऊण.
"अजून थोडं, उतरायलाय!"
कळशी पालथी केली.
बराच वेळ आत कुणी बोललं नाही.

मी आलो, तेव्हा दिवा लागलेला
आणि स्पीकरमधून काहीच येत नव्हतं.
म्हणजे जवळजवळ काही नाही.
कापडाला कान टेकवला तर एक धागा राहिला होता,
तो गौसनं माझ्या वयाच्या खात्यात टाकला.
भिंतीपलीकडून बारा माग सरळ ऐकू आले,
एक त्यातला किंचित लंगडा.
तो किती वर्षं लंगडत होता कोण जाणे.

भाग्या रिकामी कळशी घेऊन आत आली.
"झालं का दुरुस्त?"
झालं.
"मग आवाज कुठाय?"
मी कॅसेटच लावली नव्हती.

गौसनं पैसे घेतले नाहीत. शेंगाचटणीची पुडी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला नळ आला.
पिंप, कळशा, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरला.
सगळ्यात शेवटी तिनं एक तांब्या भरून
मागच्या दाराशी ठेवला, वर ताटली झाकून.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.