कडू लागलं तर सांगा

वुल्वरहॅम्प्टनच्या इस्पितळात, तळघरात,
चादरींच्या कोठाराला लागून माझी खोली.
खिडकी नाही. एक खुर्ची,
मधमाश्या पाळणाऱ्याच्या असतो तसा पारदर्शक टोप
आणि कडू पाण्याचा फवारा.
माझं काम एवढंच:
मास्क चढवलेल्या माणसावर टोप घालायचा,
भोकातून फवारायचं, विचारायचं,
कडू लागलं?
लागलं तर कुठेतरी केसाएवढी फट आहे.
आणि वॉर्डात त्या फटीतून जे येतं
त्याला चवच नसते.

सकाळी हिबो येऊन गेली, शिकाऊ दाई.
झग्याच्या बाह्या कोपरावर दुमडलेल्या,
खाली मनगटापर्यंत कागदी बाह्या,
दर बाईमागे नवी जोडी.
दिवसाला किती लागतात गं?
म्हणाली, बाह्या नाही मोजत, बाळं मोजते.

मग जगतेज सिंग, फिजिओ.
दाढी छातीपर्यंत.
माझ्या कागदावर लिहिलंय:
दाढी असल्यास पुढचे रकाने भरू नयेत.
साथीत त्याला वॉर्डातून काढून
अकरा आठवडे फोन उचलायला बसवलं होतं.
हे तो बोलला नाही.
मला ठाऊक होतं,
तो कागद मीच भरला होता.

आज त्याने खिशातून एक पट्टी काढली,
पातळ, रबरी, निळी.
म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना बांधून
ताणा, अजून ताणा, म्हणतो ना, तीच.
दाढी आत घेतली, झोपलेलं पोर
पांघरुणात घ्यावं तशी,
गाठ डोक्यावर, पगडीच्या आत.
त्यावर मास्क. त्यावर माझा टोप.
डावीकडे बघा. उजवीकडे. वर. खाली.
आता मोठ्याने काहीतरी वाचा.
समोरच्या भिंतीवरचं त्याने वाचलं:
आग लागल्यास लिफ्ट वापरू नये.
आग लागल्यास लिफ्ट वापरू नये.

कडू?

हो. उजवीकडे. जरासं.

नाही म्हणता आलं असतं.
मला काय कळणार होतं, जीभ त्याची.

पाणी प्यायला. चूळ भरली. थांबलो.
त्याने पट्टी सोडून पुन्हा बांधली,
हात वर गेले तेव्हा दिसलं,
कडं पार कोपराशी चढवलेलं, वर चिकटपट्टी.
मनगट मोकळं, घासून घासून लाल.

फवारलं. आग लागल्यास लिफ्ट.
कडू?
नाही.
नक्की?
नाही, डेल्मा. काहीच नाही.

कागदावर पट्टीसाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, दाढी आहे, पट्टी आहे,
फट नाही. खाली सही.
वरचे चालवून घेतील की नाही
ते मंगळवारी कळेल.

जाताना तो बेसिनशी उभा राहिला.
तळवे, बेचक्या, अंगठे, मनगटं,
मग पुन्हा तळवे.
शेजारच्या नळाखाली मी.
नियम चार: साधी अंगठी, एक, चालते.
रेजी जाऊन सहा वर्षं झाली.
आज कशी कोण जाणे, फिरवून पाहिली.
खाली साबण साठलेला, पांढरा,
निदान कालचा.

इतक्या वर्षांत मला कुणी
काही काढायला सांगितलं नव्हतं.
चव घेऊन पाहिली नाही.
ठाऊक होती.