वाळूची माणसं

गाडीला नाव नव्हतं. दारावर खडूनं तीनचा आकडा,
धुक्यानं पुसला की मी पुन्हा काढायचो.
सुकाणूवर लुमाण्णा काकतकर, शेजारी मी, मांडीवर वही,
आणि मागच्या बाकावर तीन पोती, मार्कंडेय नदीच्या वाळूची.
दीडशे रत्तल एकेक. कंपनीच्या हिशेबानं
माणूस तेवढंच असतं.

बेळगाव ते कोल्हापूर आणि परत, रोज दोन खेपा.
खड्डा चुकवायचा नाही, असा लेखी हुकूम.
"जल्मभर खड्डे चुकवायला शिकलो की रे," लुमाण्णा म्हणायचा,
"आता नेमकं त्यातच घालायचा पगार."

मी लिहायचो: सुतगट्टीच्या चढाला पाणी उकळलं.
संकेश्वरापुढं मागच्या अंगाला कुईकुई.
निपाणीत तंबाखूच्या खकाण्यानं आम्ही दोघं शिंकलो,
इंजिन शिंकलं नाही.
साहेबाची तांबडी शाई: कुईकुई म्हणजे काय?
भागाचं नाव लिहा.
लुमाण्णा मान बाहेर काढून ऐकायचा, मैलभर.
"डावी स्प्रिंग. चौथं पान. अजून चार दिवस दम धरंल."
पाचव्या दिवशी दुपारी तुटलं.

यमकनमर्डीच्या विहिरीवर एक म्हातारी पाणी शेंदून द्यायची.
एकदा आत डोकावून कानडीत विचारलं,
हे तिघं कधी बोलत कसे नाहीत?
"मुके आहेत," लुमाण्णा म्हणाला, "दवाखान्यात नेतोय."
"रोज?"
मग तीच पोत्यांकडं बघत म्हणाली, "निधान, तम्मा, निधान."

मध्येच एका रात्री राज्य बदललं.
संध्याकाळी मुंबईतून निघालो, पहाटे म्हैसुरात परतलो,
त्याच गॅरेजात, त्याच कुत्र्याच्या भुंकण्यात.
प्रांताच्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं.
लुमाण्णा बोलला नाही. बोनेट उघडून
बराच वेळ नुसता उभा होता, वाफ तोंडावर घेत.

एकोणीस हजार चारशे बारा मैल.
तवंदीच्या घाटात, उतारावर, काडकन
मागचा आस गेला.
गाडी कठड्याला टेकली, म्हैस गोठ्याला टेकते तशी.
पोती कलंडून एकमेकांच्या खांद्यावर.
लुमाण्णाची बोटं सुकाणूवरून सुटेनात,
मी एकेक सोडवली.
मग वेळ लिहिली, चार वीस. भागाचं नाव लिहिलं,
या खेपेला बरोबर.

कंपनीनं आस एक सूत जाड केला.
तीन नंबर भंगारात कापली.
वाळूचं काय करायचं हे हुकमात नव्हतं.
लुमाण्णानं ती बैलगाडीतून काकतीला नेली,
चुन्यात कालवून परसाची भिंत घातली.

परवा गेलो होतो. तो नाही आता.
भिंत आहे, डावीकडं झुकलेली,
वळण यायचं बाकी असल्यागत.
सून म्हणाली, पाडूया म्हणतोय, पडंल कधीतरी.
मी थोडा वेळ कान लावून उभा राहिलो.
म्हटलं, अजून दम धरंल.