बत्तीसशे वेळा

मीटरवर बारीक अक्षरांत लिहिलंय,
लाल दिवा बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.
नऊ वर्षं मीटर पडवीत आहे, मी वाचलं नव्हतं.
यंदा पौषात वाचलं, चष्मा पुसून,
कारण तृप्ती बाळंतपणाला आली
आणि तिच्यामागून पुण्याहून जावयांचा खोका आला:
दोन कांड्यांचा हीटर.

कोकणात कसली थंडी, असं म्हणणाऱ्यांनी
पहाटे चारला जालगावच्या उतारावर उभं राहावं.
समुद्र सात मैलांवर गप्प पडलेला,
आणि डोंगरावरचा गारठा पोफळींतून
अनवाणी खाली उतरतो,
आधी विहिरीशी, मग गोठ्याशी, मग आमच्या उंबऱ्याशी.

दोन्ही कांड्या लावल्या तर मिनिटाला एकशे सहा.
एक लावली तर त्रेपन्न.
घड्याळ हातात धरून मी मोजलं.
शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या,
मोजल्याशिवाय मला गार-गरम कळत नाही.
शालनला हाताच्या पाठीने कळतं.
ती बाळाच्या तळपायाला हात लावते
आणि म्हणते, "बंद करा आता."
किंवा म्हणते, "राहू दे."
मी पाळण्याच्या दोरीला थर्मामीटर बांधला.
ती हसली. काढला मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी बाजारातून टायमर आणला.
दहाला सुरू, दोनला बंद, चारला सुरू.
वहीत तीन रकाने पाडले:
आतलं तापमान, बाहेरचं, युनिट.
दोन ते चार या दोन तासांत
खोली तेवीसवरून सतरावर येते.
बंद खोली इतकी भराभर कशी निवते?
हा प्रश्न मला झोपू देईना.

अडीचला उठलो. उदबत्ती पेटवली,
देवापुढे नाही, खिडकीपुढे.
धूर सरळ राहिला.
दारापुढे थोडा वाकला.
मग स्टुलावर चढून वर धरली
आणि धूर असा ओढला गेला कौलांमध्ये
जसं कुणी वरून त्याला नावाने हाक मारावी.
नळ्यांच्या फटी, वाशांमधल्या मोकळ्या जागा,
उन्हाळ्यात ज्यांना आम्ही दुवा देतो,
त्याच.
म्हणजे इतके दिवस मी
जालगावचं आभाळ तापवत होतो,
सात रुपये युनिटने.

"बाबा, काय करताय?" तृप्ती अंधारातून.
"काही नाही. धूर बघतोय."
"बरं," म्हणाली, आणि कूस बदलली.
आईच्या पोटची पोर,
हिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

सकाळी माळ्यावरून पावसाळ्याचं प्लास्टिक काढलं,
पडवीला बांधतो ते, कडेला शेवाळ सुकलेलं.
ते वाशांखालून ताणलं, त्याखाली शालनची दोन जुनी लुगडी,
एक हिरवं, एक विटलेलं जांभळं.
पाळण्यावर छत आलं. पोरगं टकामका बघत राहिलं,
जन्मल्यापासून पहिल्यांदाच
बघण्यासारखं काहीतरी त्याच्या वर होतं.

त्या रात्री एकच कांडी. दोनला बंद.
चारला एकवीस.
मी टायमरचा चारचा खटका काढून टाकला
आणि पडवीत मीटरसमोर घोंगडी घेऊन बसलो.
लाल दिवा सावकाश.
शालन आली, म्हणाली, "झालं ना मनासारखं? मग निजा."
"तळपाय?"
"गरम आहेत."
वहीत तिन्ही रकान्यांच्या पुढे
मी चौथा पाडला. तळपाय. तिथे लिहिलं: गरम.

आता फाल्गुन. ती दोघं पुण्याला गेली.
छत उतरवलं, लुगड्यांना अजून वेखंडाचा वास आहे,
हीटर खोक्यात, खोका माळ्यावर.
बिल आलं. जावयांनी फोनवर विचारलं, फार आलं का,
मी म्हटलं, छे.
रात्री पडवीत बसलो की मोजतो, सवय.
मिनिटाला आठ.
तो फ्रीज.